दारं बदलायची की कपाटं?

चालेलबाईंना हे नाव त्यांच्या थोरल्या भावाने दिलं. वडिलांची बदलीची नोकरी. दर दोन-तीन वर्षांनी सामान बांधायचं, नवं गाव, नवी शाळा, भाड्याचं नवं घर. नव्या घरात पाऊल टाकलं रे टाकलं की खिडकीजवळची खाट कोणाची यावरून भावंडांची जुंपायची. धाकटी मात्र भिंतीला टेकून उभी राहायची आणि म्हणायची, "मला कुठलीही चालेल." तिला नेहमी दारामागची खाट मिळायची, जिथे दार उघडलं की आधी पायाला लागतं.

पुढे लग्नाचं बघायला लागले तेव्हा भावाने विचारलं, "मुलगा पाणीपुरवठ्याच्या पंपावर आहे. रात्रपाळी असते, सकाळी झोपतो. चालेल ना?" तर ही म्हणाली, "चालेल." सगळे हसले. सासरी नाव पोहोचायला वेळ लागला नाही. सासूबाई रागावल्या की 'चालेलबाई' म्हणायच्या आणि लाडात आल्या की 'सूनबाई'. नवरा तर खरं नावच विसरला होता की काय कोण जाणे.

नोकरी चष्म्याच्या दुकानात. चष्म्याच्या दांड्या वाकवणं, नाकावरच्या गाद्या बसवणं, डोळ्यालाही दिसणार नाही असा इवलासा स्क्रू पिळणं, यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. घोडं अडायचं ते फ्रेम निवडताना. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहून विचारायचं, "ही बरी दिसते की ती?" चालेलबाई मान कलती करून, अगदी मनापासून पाहायच्या आणि म्हणायच्या, "दोन्ही छान दिसतात." दुकानाचे मालक कपाळाला हात लावायचे. "अहो बाई, दोन्ही छान म्हटलंत की माणूस दोन्ही ठेवून घरी जातो!"

त्यात लबाडी नव्हती. त्यांना खरंच दोन्ही छान दिसायच्या.

अशा बाईंवर स्वयंपाकघराचा प्रश्न येऊन पडला.

घर त्यांनी काही वर्षांपूर्वी जुनंच विकत घेतलं होतं. स्वयंपाकघरातली कपाटं आधीच्या मालकाने करून घेतलेली, ओट्याखाली रांगेने चार आणि भिंतीवर तीन. दारांचा रंग कधीकाळी मोतिया असावा. आता कडेचा पातळ थर सुटून पापुद्र्यासारखा वर आला होता आणि ओलं फडकं फिरवलं की त्यात धागे अडकायचे. तरी चाललं होतं.

एके सकाळी सासूबाई बादली काढायला वाकल्या आणि सिंकखालचं दार बिजागरीसकट त्यांच्या हातात आलं. त्या तशाच, दार छातीशी धरून, बाहेरच्या खोलीत आल्या.

"सूनबाई, दार आलंय. चहा टाक."

नवरा पंपावरून नुकताच आला होता. त्याने दाराच्या बिजागरीची भोकं पाहिली, बोट घातलं, बोटाला ओला भुसा लागला. तो म्हणाला, "आता डागडुजीने भागायचं नाही. बाजूला टाकलेले थोडे पैसे आहेत. त्यात बसेल असं काहीतरी करून घ्या. स्वयंपाकघर तुम्हा दोघींचं, तुम्हीच ठरवा." आणि झोपायला गेला.

सासूबाई म्हणाल्या, "मला आता किती दिवस वापरायचंय? तूच ठरव."

चालेलबाई दाराकडे बघत बसल्या. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी 'तूच ठरव' म्हटलं नव्हतं. म्हणजे म्हटलं असेलही, पण ते म्हणण्यापुरतं.

पहिल्यांदा आले सुतारकाका. उंच, हाडकुळे, कानावर पेन्सिल. त्यांनी बोटाच्या पेराने प्रत्येक कपाट टकटक वाजवलं, जणू आत कोणी राहतं. मग म्हणाले, "ताई, खोके दणकट आहेत. चांगलं प्लायवूड वापरलंय. पैसे उगाच घालवू नका. दारं नवी करू, बिजागऱ्या नव्या, उघड्या कडांना पट्टी मारू. कपाटं तीच, पण ओळखू येणार नाहीत."

चालेलबाईंना पटलं. अगदी शंभर टक्के पटलं. ज्याचा सांगाडा धडधाकट आहे ते मोडायचं कशाला?

दोन दिवसांनी आला शोरूमवाला. पोरगेला, तुकतुकीत बूट, हातात भिंतीवर लाल ठिपका पाडून माप घेणारं यंत्र. सासूबाई त्या ठिपक्यामागे डोळे फिरवत राहिल्या आणि शेवटी एक फटका मारायला चप्पल उचलली, तेव्हा त्याने यंत्र बंद केलं. सिंकखालच्या कपाटात त्याने मान घातली आणि बाहेर काढली ती नाक मुरडूनच.

"मॅडम, हे आतून संपलंय. दारं नवी लावणं म्हणजे आजाऱ्याला नवा सदरा घालण्यासारखं. दोन वर्षांत परत मला बोलवाल. त्यापेक्षा एकदाच सगळं उपटा, नवं घ्या. पैशांची काळजी नको, हप्ते पाडू."

त्याने मोबाइलवर चित्र दाखवलं. त्यांचंच स्वयंपाकघर, तीच खिडकी, पण सगळं गुळगुळीत, मुठी नसलेली दारं आणि ओट्यावर एकुलती एक फुलदाणी. सासूबाईंनी चष्मा पुसून पाहिलं. "आणि आपले डबे कुठे गेले?"

"डबे आत, आजी."

"आणि मी उठताना धरू काय? मुठी कुठायत?"

चालेलबाईंना मात्र हेही पटलं. जे आतून संपलंय त्याला बाहेरून नटवायचं कशाला?

आता झाली पंचाईत. सुतारकाकांचं आठवलं की ते बरोबर, शोरूमवाल्याचं आठवलं की तो बरोबर. एकाचं खरं धरावं तर दुसरा खोटा ठरतो, आणि दोघांचे चेहरे तर खोटं बोलणाऱ्याचे नव्हते. भाजी चिरता चिरता त्या मध्येच उठायच्या आणि कपाट वाजवून बघायच्या. एकदा टकटक केलं की भरीव वाटायचं, दुसऱ्यांदा केलं की पोकळ. तिसऱ्यांदा केलं की आपण काय ऐकायला निघालो होतो तेच विसरायच्या.

बहिणीला फोन केला. ती म्हणाली, "अगं, आयुष्यात एकदाच होतं. कर नवं!" भावाला केला. तो म्हणाला, "वेडी आहेस का? लाकूड कधी फेकतात?" मग भाऊ आणि बहीण यांचंच आपसात वाजलं आणि दोघांनीही चालेलबाईंना वेगवेगळा फोन करून दुसऱ्याची तक्रार सांगितली.

दुकानात मालकांना विचारलं. ते म्हणाले, "बाई, तुम्ही रोज लोकांना जे सांगता तेच मी सांगतो. दोन्ही छान." आणि स्वतःच्याच विनोदावर खूप वेळ हसले.

शेवटी बाईंनी कागदावर दोन्ही बाजूंची कारणं लिहून पाहिली. एका बाजूला लिहिलं, 'स्वस्त'. दुसऱ्या बाजूला लिहिलं, 'टिकेल?' प्रश्नचिन्ह का घातलं ते त्यांनाही कळेना. ते खोडलं. मग वाटलं, स्वस्तलाही प्रश्नचिन्ह हवं, कारण दोन वर्षांत परत करावं लागलं तर स्वस्त कसलं? एवढं झाल्यावर त्या कागदावर सासूबाईंनी शेंगांची टरफलं टाकली.

दिवस जात होते. दार नसलेल्या सिंकखालून पाइप, बादली आणि फडकी सगळ्या जगाला दर्शन देत होती. तळ्यात की मळ्यात चाललं होतं, आणि चालेलबाई काठावर उभ्या होत्या.

मग एका दुपारी दुकानात गर्दी असताना फोन वाजला. समोर एक आजोबा नाकावर अर्धा चष्मा घेऊन बसलेले, बाईंच्या एका हातात पक्कड. फोन सुतारकाकांचा. "ताई, सोमवारी सकाळी मोकळा आहे. येऊ का?" बाईंना वाटलं, परत एकदा बघायला येत असतील. त्या म्हणाल्या, "चालेल."

आजोबांची दांडी बसवून होते न होते तोच पुन्हा फोन. शोरूमवाला. "मॅडम, सोमवारी माझी माणसं रिकामी आहेत. पाठवू का? पैशांचं काय ते पक्कं माप झाल्यावर बघू." बाईंनी त्यातलं 'माप' एवढंच ऐकलं. बघू देत, यानेही बघू दे. दोघं समोरासमोर आले की काय ते एकदाचं कळेल तरी. त्या म्हणाल्या, "चालेल."

सोमवारी बाईंनी दुकानातून अर्ध्या दिवसाची रजा घेतली. सुतारकाका दिवस उगवताच हजर. बाईंनी त्यांना चहा दिला आणि दुधाच्या पिशव्या आणायला खाली गेल्या. वाटेत कोणीतरी भेटलं, बोलण्यात वेळ गेला. परत येतात तर काय, भिंतीवरच्या तिन्ही कपाटांची दारं उतरवून, मागे पेन्सिलने आकडे घालून, काकांनी ती व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवलेली! डबे, बरण्या, जुने मग, कोणीतरी कधीतरी भेट दिलेला न वापरलेला टोस्टर, सगळं उघड्यावर.

"काका, हे काय?"

"दारं काढली. तुम्ही 'चालेल' म्हणालात ना?"

बाईंच्या तोंडून शब्द फुटायच्या आत घंटी वाजली. दारात शोरूमवाला आणि त्याच्यामागे दोन दणकट गडी. एकाकडे हातोडा आणि पहार, दुसऱ्याच्या खांद्यावर मलबा भरायची रिकामी पोती. गडी कामाला सरावलेले. कोणी काही म्हणेपर्यंत ते सिंकखाली शिरलेसुद्धा, नळ बंद केला, पाइप सोडवला आणि कपाट ओढायला लागले.

"ए, थांबा!" सुतारकाका ओरडले. "माझं काम चाललंय इथे."

"तुमचं? मॅडमनी मला होकार दिलाय," शोरूमवाला म्हणाला.

"मला काय नकार दिलाय? 'चालेल' म्हणाल्या."

"मलाही 'चालेल'च म्हणाल्या!"

दोघांनी एकदमच चालेलबाईंकडे पाहिलं. बाईंच्या हातात दुधाच्या पिशव्या, त्यातून थेंब थेंब पाणी गळतंय. सासूबाईंनी खुर्ची ओढून स्वयंपाकघराच्या दारात मांडली आणि नीट सावरून बसल्या.

त्या गोंगाटाने नवऱ्याची झोप मोडली. डोळे चोळत तो आला. समोर दारं नसलेली कपाटं, जागेवरून हललेला सिंक, चार परके पुरुष. तो म्हणाला, "मी चुकीच्या घरात झोपलो होतो का?"

"बस तिकडे," आई म्हणाली. "आत्ता कुठे रंगात आलंय."

तेवढ्यात गड्याने जोर लावला आणि सिंकखालचं कपाट बाहेर आलं. बाहेर आलं म्हणजे त्याच्या हातात वरचा भाग आला. तळ तिथेच राहिला, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा फुगून, काळा पडून. सगळ्यांच्या नाकात कुबट वास शिरला.

"बघा!" शोरूमवाला म्हणाला. "सांगत नव्हतो?"

सुतारकाकांनी भिंतीवरच्या उघड्या कपाटाची कड दोन्ही हातांनी धरली, पाय उचलले आणि आपलं सगळं वजन टाकून लोंबकळले. कपाट जरासं करकरलंही नाही. एक बरणी तेवढी हलली. खाली उतरून ते म्हणाले, "बघा. मीही सांगत नव्हतो?"

चालेलबाईंना वाटलं, आता तरी कळेल. पण झालं उलटंच. दोघंही खरे ठरले होते, आणि खऱ्या दोघांमध्ये उभं राहणं हे खोट्या दोघांमध्ये उभं राहण्यापेक्षा कितीतरी अवघड. डोक्यात नुसता भुसा झाला.

"मॅडम, आता सांगा," शोरूमवाला म्हणाला. "काढायचं की ठेवायचं? माझी माणसं खोळंबलीत."

"सांगते," बाई म्हणाल्या. "आधी पाणी देते सगळ्यांना."

पेले वरच्या कपाटात. बाईंनी सवयीने पायाने ओट्याखालून लाकडी खोकं पुढे ओढलं, त्यावर चढल्या, चवड्यांवर उभ्या राहिल्या, एका हाताने भिंत धरली आणि दुसऱ्या हाताने न बघताच चाचपून पेले काढले. एक, मग उतरून ओट्यावर ठेवला. परत चढल्या.

सुतारकाका बघत होते. "ताई, रोज असंच चढता?"

"हो."

"कधीपासून?"

"घर घेतल्यापासून. आधीचे मालक उंच होते ना."

"पडला नाहीत कधी?"

"दोनदा. तिसऱ्यांदा नुसतीच लचकले."

नवऱ्याने दचकून वर पाहिलं. "ती तू जिन्यात लचकलीस म्हणाली होतीस."

"जिनाच म्हणायचा की," बाई खोक्यावरूनच म्हणाल्या.

शोरूमवाल्याने यंत्र खिशात घातलं. जरा खजील होऊन म्हणाला, "मॅडम, हे मला सांगितलं नाहीत तुम्ही. मी चित्रात कपाटं आहेत तिथेच दाखवली."

"तुम्ही विचारलं कुठे?" चालेलबाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. "तुम्ही दोघांनीही लाकडाची चौकशी केलीत. हे ठोकून बघितलंत, ते वाकून बघितलंत. मला कोणी विचारलं, तुम्हाला काय अडतंय?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं, मग बोलायचंस! मी इतकी वर्षं समजत होते, तुला खोक्यावर चढायची हौस आहे."

बाई खाली उतरल्या. त्यांना आता काहीतरी कळत होतं, पण पूर्ण नाही, चष्म्यावर वाफ धरल्यावर दिसतं तसं. त्यांनी सुतारकाकांच्या कानावरची पेन्सिल मागून घेतली, भिंतीला चिकटून जमिनीवर सपाट पाय ठेवून उभ्या राहिल्या, हात वर केला आणि बोटं पोहोचली तिथे रेघ मारली.

"ही कपाटं इथवर खाली येतील का?"

काकांनी पाहिलं. "ही रेघ म्हणजे मधली फळी का?"

"हो. नाही. थांबा." बाईंनी पुन्हा हात वर केला, यावेळी पेला धरायचा तसा. रेघ थोडी खाली आली. मग ओट्यावर उंच पातेलं ठेवून पाहिलं, तर कपाटाचा तळ येणार तिथे ते लागत होतं. रेघ परत वर गेली, मग पुन्हा जराशी खाली. भिंतीवर चार रेघा झाल्या. शेवटी त्यांनी चौथीभोवती गोल केला.

"ही. खोके आहेत तेच राहू देत, धडधाकट आहेत. फक्त खाली घ्या आणि दारं नवी लावा. आणि सिंकखालचं," त्या शोरूमवाल्याकडे वळल्या, "ते तुम्ही नवीन करा, पाण्याने फुगणार नाही असं. खालची बाकीची कोरडी आहेत, त्यांनाही काका दारं लावतील. सगळं धरून आमच्याकडे पैसे आहेत तेवढ्यात बसायला हवं. आणि सगळ्या दारांना मुठी हव्यात. आईंना उठताना धरायला."

"एका कपाटासाठी?" शोरूमवाला म्हणाला. "मॅडम, तेवढ्यासाठी माझी माणसं परवडत नाहीत. घ्यायचं तर सगळं घ्या."

"मग नको," चालेलबाई म्हणाल्या.

म्हणाल्या आणि स्वतःच चपापल्या. आपलाच आवाज का, म्हणून त्यांनी आजूबाजूलाही पाहिलं. नवरा तर तोंड उघडं टाकून बघत होता.

शोरूमवाल्याने गड्यांकडे पाहिलं, मोडक्या तळाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं. अर्धा दिवस तर गेलाच होता. बाहेर जाऊन फोनवर काहीतरी बोलला आणि परत येऊन म्हणाला, "ठीक आहे. पण रंग माझ्याकडे असेल तोच. नमुने बघून घ्या."

इथे खरं तर गोष्ट सुरळीत व्हायला हवी होती. पण रंगाच्या नमुन्यांपुढे चालेलबाई पुन्हा दोन संध्याकाळी अडकून पडल्या. फिका हिरवा की राखी? खिडकीशी नेलं की हिरवा राखी दिसायचा, दिव्याखाली नेलं की राखी हिरवा. त्यांनी सुतारकाकांना एक सांगितला आणि शोरूमवाल्याला दुसरा, असं नंतर दोघंही म्हणत होते. बाई शपथेवर सांगतात की दोघांना एकच सांगितला.

काम पूर्ण व्हायला ठरल्यापेक्षा बराच उशीर झाला. तोवर भांडी बाथरूममध्ये घासली, पेले झोपायच्या खोलीत राहिले आणि साखर कुठे आहे हे घरात फक्त मुंग्यांना ठाऊक होतं. शेवटी एका दुपारी शेवटची मूठ बसली. बाहेरच्यांना सांगितल्याशिवाय कळत नाही, पण सिंकखालचं दार बाकीच्यांपेक्षा एक छटा वेगळं आहे. भिंतीवर, जिथे कपाटं आधी होती, तिथे जुन्या स्क्रूंची बुजवलेली भोकं आणि एक उजळ पट्टा राहिला. कपाटांच्या डोक्यावर आता रिकामी जागा झाली, तिथे धूळ बसते, आणि ती पुसायला परत उंचावर चढावं लागतंच. बहीण येऊन म्हणाली, "सगळं नवं केलं असतंस तर रंग तरी जुळला असता." भाऊ म्हणाला, "तेही एक जुनंच ठेवायचं होतंस." बाईंनी दोघांचं ऐकून घेतलं. दोघांचंही त्यांना थोडं थोडं पटलं.

पण पेला घ्यायला त्या आता चढत नाहीत. जमिनीवर उभ्या राहून दार उघडतात आणि आत काय आहे ते डोळ्यांनी बघतात. कितीतरी वर्षं मागे सरकून राहिलेल्या वस्तू कपाटं खाली घेतानाच सापडल्या, त्यात एक झाकणी, दोन चमचे आणि सासूबाईंची हरवलेली कात्री, जिच्यासाठी एके काळी मोलकरणीवर संशय घेतला होता. सासूबाई सिंकखालच्या मुठीला धरून उठतात आणि उठल्यावर तिच्यावर एक थाप मारतात.

त्रास झाला तो एकट्या नवऱ्याला. तो चांगला उंच. पंपावरून पेंगत यायचा, ओट्याशी वाकायचा आणि सरळ होताना कपाटाचा कोपरा कपाळाला खाडकन लागायचा. पहिल्या आठवड्यात तीनदा. सुतारकाकांनी कोपरा घासून गोल करून दिला, पण लाकूड ते लाकूडच.

"थोडं वर घेतलं असतंस तर?" कपाळ चोळत तो म्हणाला.

खरंच, घ्यायला हवं होतं का? चौथी रेघ चुकली की काय? चालेलबाई भिंतीकडे बघत विचारात पडल्या, तोवर सासूबाईच कडाडल्या, "इतकी वर्षं ती चढली. आता तू वाक जरा."

तो वाकायला शिकला. इतका शिकला की आता बाहेरच्या खोलीतून जातानाही, जिथे डोक्यावर नुसता पंखा आहे आणि तोही बराच वर, तिथेही मान खाली घालूनच जातो.